स्मार्ट टीव्हीचं स्पेसिफिकेशन कसं वाचायचं? ४के, एचडीआर, निट्स, हर्ट्झ सोप्या भाषेत

दसरा-दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शोरूममध्ये गर्दी वाढते आणि घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुला मोबाईलमधलं कळतंय न्हवं? मग टीव्ही पण तूच बघ!"

इथेच गडबड होते. मोबाईलचे आकडे वाचायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती टीव्हीला जशीच्या तशी चालत नाही. शिवाय मोबाईल आपण तीन-चार वर्षांत बदलतो, टीव्ही मात्र आठ-दहा वर्षं भिंतीवर राहतो. म्हणजे चूक झाली तर ती रोज संध्याकाळी सगळ्या घराला दिसणार. तर मित्रांनो, डब्यावरच्या कोणत्या आकड्याला किती किंमत द्यायची ते एकेक करून पाहूया.

१. इंच आणि अंतर

टीव्हीचा आकार तिरका, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंमी असते, तर ५५ इंचीची साधारण १२२ सेंमी. दुकानात जाण्याआधी भिंत टेपने मोजून घ्या.

बसायचं अंतर स्क्रीनच्या इंचाच्या साधारण दीडपट धरा. ४३ इंचासाठी साडेपाच फूट, ५५ इंचासाठी सात फूट. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातली लहान खोली आणि नव्या फ्लॅटमधला हॉल, दोन्हींना एकच टीव्ही शोभणार नाही.

२. रिझोल्यूशन

- एचडी रेडी: १३६६ × ७६८, साधारण साडेदहा लाख पिक्सेल
- फुल एचडी: १९२० × १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल
- ४के: ३८४० × २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल

४३ इंच किंवा त्याहून मोठा टीव्ही घेणार असाल तर ४केच घ्या. पण एक लक्षात ठेवा, केबलवरचं साधं एसडी चॅनेल ४के टीव्हीवर ४के होत नाही. कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठ्या स्क्रीनवर बसवायचं काम टीव्हीचा प्रोसेसर करतो. त्याला अपस्केलिंग म्हणतात. प्रोसेसर स्वस्तातला असेल तर चेहरे मेणाचे दिसतात.

जुने सिनेमे बघताना आणखी एक गोष्ट दिसेल. 'प्रभात'ने कोल्हापुरात बनवलेला 'अयोध्येचा राजा' (१९३२) लावलात तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. टीव्ही बिघडलेला नाही. त्या काळची फ्रेमच जवळपास चौकोनी होती. 'झूम' किंवा 'स्ट्रेच' करू नका, नाहीतर माणसं जाडी दिसतील किंवा डोकी कापली जातील.

३. पॅनल: एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी

नावं सारखी वाटतात, पण आतली गोष्ट वेगळी आहे.

- एलईडी: एलसीडी पॅनल आणि त्याला प्रकाश देणारे एलईडी दिवे.
- क्यूएलईडी: हाही एलसीडीच, फक्त रंग खुलवणारा क्वांटम डॉट्सचा थर जास्त. याच क्वांटम डॉट्सच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.
- मिनी एलईडी: मागचे दिवे खूप लहान आणि खूप जास्त. त्यांचे वेगवेगळे भाग गरजेप्रमाणे मंद करता येतात.
- ओएलईडी: प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. पण न्यूज चॅनेलची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर कालांतराने तिचा डाग उमटू शकतो.

४. एचडीआर आणि निट्स: सगळ्यात जास्त फसगत इथे

डब्यावर 'एचडीआर १०' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. तो नीट दाखवता येतो का, हा वेगळा प्रश्न.

स्क्रीनची चमक निट्समध्ये मोजतात. एचडीआर सिनेमे बहुतेक वेळा १,००० निट्स किंवा जास्त चमक धरून तयार केलेले असतात. तुमच्या हातातला चांगला फोन उन्हात १,००० निट्सच्या पुढे जातो. बजेट टीव्ही मात्र बऱ्याचदा ३०० च्या आसपासच अडकतो. मग अशा टीव्हीवर एचडीआर सिनेमा उलट अंधारा दिसतो आणि घरचे म्हणतात, "नवीन टीव्ही, आणि चित्र काळवंडलेलं कसं?"

म्हणून डॉल्बी व्हिजन, एचडीआर १० प्लस ही नावं वाचण्याआधी निट्स विचारा. स्पेसिफिकेशनमध्ये निट्स दिलेलेच नसतील, तर फार अपेक्षा ठेवू नका. हॉलमध्ये दिवसा उजेड येत असेल तर हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

५. हर्ट्झ: फुटबॉलवाल्यांनी नक्की वाचा

कोल्हापूरला फुटबॉलचा नाद. वर्ल्ड कप आला की पेठापेठांत झेंडे लागतात. साहजिकच विक्रेता म्हणतो, "मॅच बघायला १२० हर्ट्झच घ्या."

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा ताजी होते तो आकडा. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झवर चालतं. म्हणजे सेकंदाला ५० पेक्षा जास्त चित्रं मुळात येतच नाहीत. नुसती मॅच बघायची असेल तर चांगला ६० हर्ट्झ टीव्हीही पुरतो. फोनवर १२० हर्ट्झ जाणवतो कारण आपण बोटाने स्क्रोल करत असतो.

मग १२० कुणाला? नवीन गेमिंग कन्सोल असणाऱ्यांना आणि सिनेमावाल्यांना. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, त्यामुळे ६० वर कॅमेरा फिरताना चित्र किंचित अडखळतं.

तीन शब्दांपासून सावध राहा:

- 'मोशन रेट २४०': हा खरा रिफ्रेश रेट नव्हे. 'नेटिव्ह' किती ते विचारा.
- 'डीएलजी १२० हर्ट्झ': यात उभं रिझोल्यूशन कमी करून वेग वाढवलेला असतो.
- 'एमईएमसी': टीव्ही दोन फ्रेममध्ये स्वतःची फ्रेम घुसवतो. मॅचला थोडं चालतं, पण सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. सिनेमाला बंद ठेवा.

६. रॅम, स्टोरेज, ओएस

टीव्हीला फोनइतकी रॅम लागत नाही, पण २ जीबीपेक्षा कमी नको. ८ जीबी स्टोरेजमधली बरीचशी जागा सिस्टीमच खाते, म्हणून १६ जीबी बरं.

गुगल टीव्ही, टायझन (सॅमसंग), वेबओएस (एलजी), फायर टीव्ही या मुख्य सिस्टीम. अगदी स्वस्त टीव्हीवर नुसतं 'अँड्रॉइड' लिहिलेलं असेल तर तो गुगलचा अधिकृत गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही आहे का आणि त्यात वाइडवाइन एल१ आहे का ते विचारा. ते नसेल तर ओटीटी ॲप एचडी चित्र देत नाहीत, मग ४के पॅनलचा उपयोग काय?

७. पोर्ट, वाय-फाय, मोबाईल

साउंडबार लावणार असाल तर एचडीएमआय ईएआरसी बघा. ४के १२० हर्ट्झवर गेमिंग करायचं असेल तर एचडीएमआय २.१ हवं.

नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस स्पीड सुचवतं. वाय-फाय ड्युअल बँड हवंच, पण ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जुन्या जाड भिंतींतून नीट जात नाही. अशा घरात राउटर टीव्हीजवळ ठेवा किंवा लॅन केबल ओढा.

मोबाईलवरून 'कास्ट' केलं की टीव्ही थेट इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो आणि फोन मोकळा राहतो. 'मिररिंग'मध्ये मात्र फोनची स्क्रीनच जाते, बॅटरी जळते आणि तुमचे मेसेजही सगळ्यांना दिसतात!

८. टीव्हीसुद्धा तुम्हाला बघतो

बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये एसीआर असतं. तुम्ही काय बघताय हे ओळखून ती माहिती कंपनीकडे पाठवायची सोय. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १.१ कोटी टीव्हींवरून अशी माहिती संमतीशिवाय गोळा केल्याचं प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलरवर मिटलं. सेटअप करताना सगळीकडे 'ॲग्री' दाबत सुटू नका. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' आणि जाहिरातींचे पर्याय बंद करा.

९. वीज आणि किंमत

टीव्ही १०० वॅटचा असेल आणि रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात. बीईईच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते वाचा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या किमतीवर 'डिस्काउंट' सांगत असतील तर हिशोब करून बघा.

दुकानात जाताना एवढं करा

- पेनड्राइव्हवर एक मॅचची क्लिप आणि एक अंधाराचा सीन घेऊन जा. दुकानातला डेमो व्हिडिओ सगळ्याच टीव्हींवर भारी दिसतो.
- टीव्ही 'स्टोअर मोड'मधून 'होम मोड'मध्ये टाकायला सांगा आणि मगच चित्र बघा.
- पुढे उभं राहून नको, घरी बसता तेवढ्या अंतरावरून बघा.
- नेटिव्ह हर्ट्झ, निट्स आणि वॉरंटीत पॅनल किती वर्षं आहे, हे तीन प्रश्न विचारा.
- आई-बाबांच्या हातात रिमोट द्या. त्यांना चॅनेल सापडलं नाही तर बाकी सगळे आकडे फुकट.

बजेट कमी असेल तर १२० हर्ट्झ आणि मोठमोठी नावं सोडून द्या. चांगली चमक, २ जीबी रॅम आणि अधिकृत सिस्टीम एवढं पकडा. तेवढ्यावर सगळं घर खूश राहील, आणि पुढची आठ वर्षं "टीव्ही कुणी निवडला होता?" हा प्रश्न कौतुकानेच विचारला जाईल.