बुद्धस्वभाव

बुद्धस्वभाव : प्रत्येक जिवात बुद्धत्व मुळातच असते, ही महायानातली धारणा. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला ती वाटते तितकी परकी नाही. पवनीजवळ रुयाड येथे उभ्या असलेल्या महासमाधीभूमी महास्तूपामागे ज्यांचे परिश्रम आहेत, ते भदंत संघरत्न माणके जपानच्या हिएई पर्वतावर तेंदाई या बौद्ध परंपरेत शिकले. त्याच पर्वतावर तेराव्या शतकात दोगेन (१२००–१२५३) हा तरुण भिक्षू एका प्रश्नाने अस्वस्थ झाला होता : बुद्धत्व आधीच आहे, तर साधना कशासाठी? उत्तर शोधत तो १२२३ मध्ये चीनला गेला आणि परतल्यावर त्याने जपानमध्ये सोतो झेन हा ध्यानपंथ रुजवला. त्याच्या मते साधना हीच जागृती. ही साधना म्हणजे बसून करायचे ध्यान : मांडी घालायची, पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, तोंड भिंतीकडे. मनात आलेला विचार धरायचाही नाही, हाकलायचाही नाही. काही मिळवण्यासाठी बसायचे नाही, हा यातला सर्वांत अवघड भाग. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेला स्तूप मात्र महायानाच्या उदयाआधीचा आहे. या कल्पनेचे मूळ वाचकाने तिथे शोधू नये.