पाच औंसांचा हिशोब

मैत्रिणींनो, कामं आटोपली असतील तर बसा, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

परवा आपल्या केंद्रावर एक ताई आल्या. मुलगी दहावी पास झालेली, तिला सायन्सला जायचंय. घरात चुलत सासऱ्यांनी मोबाइलवर आलेला मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला : पुरुषाचा मेंदू बाईच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय. वर म्हणाले, "मग पोरीवर कशाला एवढा खर्च? आर्ट्सला घाला आणि मोकळे व्हा." ताईंनी आम्हाला विचारलं, "हे खरं आहे का हो? खरं असेल तर मी गप्प बसते. खोटं असेल तर काय बोलायचं ते सांगा."

आम्ही चौघींनी ठरवलं, याचं उत्तर घाईने द्यायचं नाही. हा मजकूर मोबाइलवर आज आला असला तरी गोष्ट दीडशे वर्षांची जुनी आहे. ती पहिल्यापासूनच सांगू.

आधी मेंदू म्हणजे काय ते पाहू. सोललेला अक्रोड डोळ्यांसमोर आणा. तशाच वळ्या, तसेच दोन भाग. माणसाचा मेंदू साधारण बाराशे ते चौदाशे ग्रॅमचा. वरचा मोठा भाग, शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रमस्तिष्क म्हणतात, तो विचार, बोलणं, आठवण यांची कामं करतो. मागे मानेच्या वर लहान मेंदू असतो. डोक्यावर हंडा घेऊन चालताना तोल सांभाळतो तो हाच. आणि खाली देठासारखा भाग श्वास आणि हृदयाचे ठोके चालू ठेवतो, आपण झोपलो तरी. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शंभरात दोन, पण बसल्याजागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा घेतो. म्हणून उपाशी पोटी अभ्यास होत नाही, मुलाचाही नाही आणि मुलीचाही नाही.

आता गोष्ट. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका नावाचे मोठे शस्त्रवैद्य होते. १८६१ साली त्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला दुसऱ्याचं बोलणं समजे, पण स्वतः बोलायला गेला की तोंडातून 'टॅन' एवढाच आवाज निघे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढचा भाग बिघडलेला. बोलण्याचं काम मेंदूच्या ठराविक जागी चालतं, हे त्यामुळे जगाला पटलं. आजही त्या जागेला ब्रोकाचंच नाव आहे. हे काम पक्कं होतं आणि ते टिकलं.

पण याच ब्रोकांनी मेंदू तराजूतही घातले. पॅरिसच्या इस्पितळांत वारलेल्या २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी आली १३२५ ग्रॅम आणि १४० बायकांची ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅमचा. आता कुणीही विचारील, की बाईचं शरीरच लहान, उंची कमी, मग मेंदू कमी भरणारच ना? ब्रोकांनाही हे ठाऊक होतं. तरी त्यांचं म्हणणं असं, की बायका बुद्धीने थोड्या कमी असतात हे तर आपल्याला माहीतच आहे, तेव्हा हा फरक सगळाच काही शरीरामुळे नसणार.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. बुद्धी कमी आहे हे सिद्ध करायला मेंदू तोलला, आणि मेंदू का हलका हे सांगताना बुद्धी कमी आहे हे धरून चालले. निकाल आधी लिहिला, खटला मागून चालवला. वजन बरोबर होतं, पण त्याचा अर्थ घरून आणला होता.

पुढे इंग्लंडमध्ये जॉर्ज रोमेन्स यांनी १८८७ साली लेख लिहिला, त्यात बाईच्या मेंदूला पाच औंस कमी भरतात असं सांगितलं. पाच औंस म्हणजे साधारण १४० ग्रॅम, आपल्या चहाच्या कपाएवढं. तेवढ्यावर अर्ध्या जगाचं शिक्षण अडवायला लोक निघाले.

त्या काळचे सगळ्यात मोठे नाव चार्ल्स डार्विन. सजीव पिढ्यान्पिढ्या कसे बदलत गेले हे त्यांनी उलगडून दाखवलं. पण १८७१ च्या त्यांच्या ग्रंथात पुरुष हा बाईपेक्षा बुद्धीने वरचढ ठरत गेला, असंही लिहिलेलं होतं. अमेरिकेत बोस्टनजवळ राहणाऱ्या कॅरोलाइन केनार्ड या बाईंनी १८८१ च्या डिसेंबरात त्यांना पत्र पाठवून विचारलं, हे खरोखर तुमचं मत आहे का? जानेवारीत उत्तर आलं. बायका नीतीने सरस, पण बुद्धीने कमी. आणि बरोबरीला यायचं तर त्यांना पुरुषांसारखं कमावतं व्हावं लागेल, मग मुलांचं आणि घराचं काय होणार?

केनार्डबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी उलट लिहिलं, की पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी बाई कमावती नाही हे कुणी ठरवलं? आधी बाईला पुरुषासारखी परिस्थिती आणि संधी द्या, मग तिची परीक्षा घ्या. ते साल १८८२. त्याच साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आलं. दोघींना एकमेकींचं नाव ठाऊक असायचं कारण नाही. सात समुद्रांच्या दोन टोकांना दोन बायका एकाच साली एकच जाब विचारत होत्या.

आणि अमेरिकेत हा पाच औंसांचा वाद रंगात असताना, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांचा मेंदू कुणी तोलला नव्हता. त्यांनी परीक्षा दिली आणि पास झाल्या.

त्याच देशात हेलन गार्डनर या लेखिकेने मेंदूतज्ज्ञांनाच गाठलं. नुसता मेंदू समोर ठेवला तर तो बाईचा की पुरुषाचा, हे सांगता येईल का, एवढाच तिचा प्रश्न. खात्रीने सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. हे तिने १८८८ साली वॉशिंग्टनच्या महिला परिषदेत सगळ्यांसमोर मांडलं. शिवाय मृत्यूनंतर स्वतःचा मेंदू कॉर्नेल विद्यापीठाला देऊन टाकला, म्हणजे नामवंत पुरुषांच्या मेंदूंबरोबर तिथे एका शिकल्यासवरल्या बाईचाही असेल. १९२५ साली ती वारली. दोन वर्षांनी तपासणीचा अहवाल आला, त्यात तिचा मेंदू कुठेही उणा निघाला नाही.

लंडनच्या ॲलिस ली यांची गोष्ट तर आम्हाला फार आवडली. गणितात पक्की बाई. जिवंत माणसाच्या डोक्याची मापं घेऊन कवटीत जागा किती ते काढायचं सूत्र त्यांनी बसवलं. मग १८९८ साली डब्लिनला शरीरशास्त्रज्ञांची सभा भरली होती, तिथल्या ३५ पुरुष पंडितांची मापं घेऊन त्यांना क्रमाने लावलं. जगभर नाव असलेले काही पंडित यादीत अगदी तळाला गेले! कॉलेजात शिकणाऱ्या काही मुलींची डोकी त्यांच्यापेक्षा मोठी निघाली. आता डोक्याच्या मापावर अक्कल ठरते म्हणावं, तर या पंडितांना कमअक्कल म्हणायची पाळी. कुणी म्हणायला धजेना.

लेखकांचंच बघा. रशियाचे तुर्गेनेव्ह यांचा मेंदू दोन किलोच्या वर भरला. फ्रान्सचे आनातोल फ्रान्स यांचा जेमतेम एक किलो, आणि त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं. आइन्स्टाइन यांचा १२३० ग्रॅम, म्हणजे ब्रोकांच्या पुरुषी सरासरीपेक्षाही कमी. आणि हत्तीचा जवळपास पाच किलो! मग काय, हत्तीला शाळेत मास्तर नेमायचं?

आता बायकांच्या त्या चार दिवसांविषयी. त्या दिवसांत बाईचं डोकं चालत नाही, हे आपल्याकडेच म्हणतात असं समजू नका. तिकडे डॉक्टरही म्हणत. लीटा हॉलिंगवर्थ ही शिक्षिका लग्न करून न्यूयॉर्कला राहू लागली, तेव्हा तिथे लग्न झालेल्या बाईला शिक्षिकेची नोकरी मिळत नसे. घरी बसण्याऐवजी ती कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकली. काही बायका आणि पुरुषांच्या हाताच्या चपळाईच्या, मनाच्या चाचण्या तिने रोजच्या रोज काही महिने घेतल्या. १९१४ साली प्रबंध आला : पाळीच्या दिवसांत बायकांचं काम कुठे घसरलेलं दिसलं नाही. पोट दुखतं, कंबर दुखते, ते खरंच आहे. पण डोकं बंद पडत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या देशातली. १९७१ साली सारा हर्डी ही तरुण अमेरिकन विद्यार्थिनी राजस्थानात अबूच्या डोंगरावर वानरं बघायला आली. तीच काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आपल्या कौलांवर उड्या मारणारी. तोवर अभ्यासक मानत की नर लढतात, ठरवतात, आणि माद्या आपल्या पिल्लं सांभाळत बसतात. हर्डीने पाहिलं ते वेगळंच. बाहेरून नवा नर येऊन टोळी ताब्यात घेतो आणि कधीकधी तान्ही पिल्लं मारतो. तेव्हा माद्या एकत्र येऊन त्याच्यावर तुटून पडतात, म्हाताऱ्या माद्याही पुढे होतात. मादी डाव ओळखते आणि आपला डाव टाकते. इतकी वर्षं हे दिसलं नव्हतं, कारण कुणी माद्यांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

पुढे २००९ च्या पुस्तकात हर्डीबाईंनी माणसाविषयी लिहिलं. माणसाचं पोर इतकी वर्षं परावलंबी असतं की एकट्या आईला ते वाढवणं झेपलंच नसतं. आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण, बापही, असे अनेक हात लागले म्हणून माणूस तगला. दुसऱ्याचं मन ओळखायची आपली अक्कलही अशा अनेक मांड्यांवर वाढण्यातून आली असावी, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला हे पटायला पुस्तक लागलं नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. पुरुषांचा मेंदू सरासरीने मोठा असतो का? हो, असतो. ते खोटं नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला अर्थ. सरासरी शरीर मोठं, म्हणून सरासरी मेंदू मोठा. वजनावरून कुणा एकाची अक्कल कळत नाही. २०१५ साली तेल अवीवच्या डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी चौदाशेहून जास्त मेंदूंची चित्रं तपासली. बहुतेक मेंदूंत बायकांत जास्त दिसणारी आणि पुरुषांत जास्त दिसणारी लक्षणं सरमिसळ होती. आणि मेंदू हा काही मापून दिलेला डबा नाही. १९६४ साली अमेरिकेत मॅरियन डायमंड यांनी दाखवलं, की ज्या उंदरांना खेळायला वस्तू आणि सोबती मिळाले त्यांच्या मेंदूचा वरचा थर रिकाम्या पिंजऱ्यातल्या एकट्या उंदरांपेक्षा जाड झाला. केनार्डबाई हेच म्हणत होत्या ना, आधी संधी द्या?

तेव्हा ताई, तुम्ही गप्प बसू नका. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही, ते खरं. पण विचारायला काय हरकत आहे? म्हणा, "मामंजी, तराजूने अक्कल मोजायची तर हत्ती पहिला येईल. पोरीचे मार्क बघा आणि मग बोला."

फॉर्म भरायची तारीख चुकवू नका. मुलीचा प्रवेश झाला की केंद्रावर येऊन सांगा. आम्ही वाट बघतोय.