पुण्यातील स्त्रियांचे स्वतंत्र व प्रायोगिक लघुपट

पुण्यातील स्त्रियांचे स्वतंत्र व प्रायोगिक लघुपट ही व्यावसायिक चित्रपटगृहांच्या व्यवहाराबाहेर, मुख्यतः इ.स. १९८० नंतर आकारास आलेली चित्रपटनिर्मितीची परंपरा आहे. तिचे उगम दोन आहेत : एक, शहरातील स्त्रीसंघटना व सामाजिक संशोधन, आणि दुसरा, विधी महाविद्यालय रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूट (भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था). यांपैकी केवळ दुसऱ्या प्रवाहाला 'प्रायोगिक' म्हणण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. ज्यांच्याविषयी चित्रपट काढायचा, त्यांच्यासोबत बसून तो रचायचा आणि प्रथम त्यांनाच दाखवायचा, ही रीत त्या काळी दृश्यरचनेतील कोणत्याही प्रयोगाइतकीच नवी होती.

पार्श्वभूमी

जागतिक पातळीवर स्त्रीनिर्मित प्रायोगिक लघुपटाचे प्रारंभीचे ठळक उदाहरण म्हणून माया डेरेन यांनी अलेक्झांडर हामिद यांच्यासह केलेला 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' (१९४३) सांगितला जातो. महाराष्ट्रात चित्रकार नलिनी मलानी यांनी १९६९ मध्ये मुंबईतील 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये चित्रफितीवर प्रयोग केले. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये संकलन शिकलेल्या अरुणा राजे यांचा समावेश होतो.

संघटनांतून आलेले लघुपट

दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० मध्ये 'युगांतर' हा समूह स्थापन केला. हा भारतातील पहिला स्त्रीवादी चित्रपटसमूह मानला जातो. समूह बंगळूरचा असला, तरी त्याचा पहिला चित्रपट पुण्याचा आणि मराठी आहे. 'मोलकरीण' (१९८१) या सुमारे पंचवीस मिनिटांच्या, १६ मि.मी. फितीवरील लघुपटात पुणे शहरातील घरकामगार स्त्रिया आपले काम, वेतन, संप आणि संघटनेची उभारणी यांविषयी स्वतः बोलतात. धुणीभांडी हे 'काम' आहे आणि ते करणारी बाई 'कामगार' आहे, ही गोष्ट तेव्हा पांढरपेशा घरांत सहज मान्य होणारी नव्हती. पुढच्याच वर्षी या समूहाने निपाणी या मराठीभाषक सीमाभागातील तंबाखू कामगार स्त्रियांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा चित्रपट केला. असे चित्रपट तिकीट काढून पाहण्यासाठी नव्हतेच. सभा, वस्त्या आणि संघटनांच्या बैठका हे त्यांचे प्रेक्षागृह होते.

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांची वाट वेगळी, पण याच दिशेची होती. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण मात्र घेतले नव्हते. पुण्यात 'स्त्रीवाणी' या संशोधन प्रकल्पासाठी त्यांनी वस्त्यांतील स्त्रियांच्या आत्मप्रतिमेचा अभ्यास केला. त्यातून आठ दलित स्त्रियांच्या कहाण्यांचे पुस्तक तयार झाले. गेल ऑम्वेट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु जिच्याविषयी लिहिले, तिला ते वाचता येत नसेल तर अभ्यासाचा उपयोग कोणाला, हा प्रश्न उरतो. भावे यांच्या चित्रपटनिर्मितीचे मूळ या प्रश्नात आहे. झोपडपट्टीतील कष्टकरी स्त्रीची कथा सांगणारा 'बाई' (१९८५) हा त्यांचा पहिला लघुपट. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'पाणी' (१९८७) आला. नवऱ्याने टाकलेली तरुणी सायकल चालवायला शिकते, एवढ्याशा घटनेवर 'चाकोरी' (१९९२) उभा आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर या काळात त्यांचे सहकारी झाले आणि १९९५ च्या 'दोघी'पासून ही जोडी पूर्ण लांबीच्या चित्रपटांकडे वळली. भावे यांच्या कीर्तीत आज हे नंतरचे चित्रपटच पुढे असतात. त्यांची दृष्टी मात्र लघुपटांतच घडलेली दिसते.

फिल्म इन्स्टिट्यूटमधील लघुपट

संस्थेत संकलन शिकलेल्या रीना मोहन यांचा 'कमलाबाई' हा सुमारे पाऊण तासाचा माहितीपट दोन्ही प्रवाहांच्या मध्ये बसतो. दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) भूमिका केलेल्या कमलाबाई गोखले त्यात वृद्धापकाळी आठवणी सांगतात, मध्येच संवाद म्हणतात आणि दिग्दर्शिकेलाही बोलते करतात.

अलीकडच्या काळात पायल कपाडिया यांचे विद्यार्थिदशेतील लघुपट विशेष गाजले. 'आफ्टरनून क्लाउड्स' (२०१७) हा तेरा मिनिटांचा चित्रपट कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात निवडला गेला. त्यात साठीतील विधवा काकी (उषा नाईक) आणि तिच्याकडे काम करणारी नेपाळी तरुणी मालती यांची एक दुपार आहे. 'मोलकरीण'मध्ये जी बाई हक्क मागते, तीच येथे मनातले सांगत नाही. दोन्ही लघुपट लागोपाठ पाहावेत. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या जंगलालगत चित्रित झालेला 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' (२०१८) बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. त्यात गावातील स्त्रियांची प्रेमाविषयीची कुजबूज चेहऱ्यांपासून वेगळी काढून केवळ आवाजाने ऐकवली आहे. कपाडिया या नलिनी मलानी यांच्या कन्या. २०२४ मध्ये त्यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या पूर्ण लांबीच्या चित्रपटास कानचा ग्रां प्री मिळाला. याच संस्थेच्या अश्मिता गुहा नियोगी यांच्या 'कॅटडॉग'ला २०२० मध्ये कानच्या विद्यार्थी विभागाचे प्रथम पारितोषिक लाभले.

जतन व उपलब्धता

लघुपटाला वितरक नसतो, त्यामुळे त्याच्या प्रतीही थोड्याच निघतात. विद्यार्थी चित्रपटांचे हक्क संस्थेकडे असतात. संघटनांच्या चित्रपटांना तेवढाही आधार नसतो. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही पुण्याच्या मोलकरणींचा मराठी लघुपट सुमारे चार दशकांनी दुरुस्त होऊन पुन्हा पाहण्याजोगा झाला, तो बर्लिनमधील 'आर्सेनाल' या चित्रपटसंस्थेच्या पुढाकाराने. युगांतरचे इतर चित्रपटही त्याच उपक्रमात डिजिटल स्वरूपात आणले गेले.