ऊर्जा-टॅपिंगमधील संज्ञा (तळटीप १४)

१४. मूळ मजकुरात आलेले तारिहाळ हे हुबळीलगतचे गाव असून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्ह्यासह मुंबई राज्याच्या अंमलाखाली होते. हल्ली ते औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. त्याच मजकुरात थोरली जाऊ धाकटीला ‘आठावरून कितीवर आलं गं?’ असे जे विचारते, तो ‘टॅपिंग’ अथवा ‘ईएफटी’ (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) या उपचारातील क्लेशांक होय : शून्य म्हणजे स्वस्थता, दहा म्हणजे असह्य व्यथा, अशा मोजमापाची कल्पना मूळची मनोवैद्य जोसेफ वोल्पे यांची. १९८० च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांनी जलभयाने ग्रासलेल्या एका स्त्रीच्या डोळ्याखाली ठोके देऊन जी पद्धत आरंभिली, तिलाच गॅरी क्रेग यांनी पुढील दशकात सुटसुटीत रूप दिले. ‘पूर्ववाक्य’ म्हणजे करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवर ठोके देत तीनदा म्हणावयाचे ‘ही भीती असली तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते’ असे वाक्य. तदनंतर भुवईचा आरंभ, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचे हाड, नाकाखाली, हनुवटी, गळ्याचे हाड, काखेखाली व टाळू येथे प्रत्येकी पाच-सात ठोके द्यावयाचे आणि मुखी ‘ही भीती’ एवढाच ‘स्मरणशब्द’ ठेवावयाचा. हे ठोके ज्यांवर पडतात असे मानतात, त्या ‘मेरिडियन’ म्हणजे चिनी वैद्यकाने कल्पिलेल्या प्राणवाहिन्या. शरीरशास्त्रास त्यांचा पुरावा गवसलेला नाही, आणि आराम पडतो तो भीतीला सामोरे गेल्याने, असे टीकाकारांचे म्हणणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. सुश्रुताची १०७ मर्मे या ठोक्यांच्या जागांहून निराळी. ती आघातापासून जपण्याची स्थाने आहेत.