आदिवासी कोणत्या खात्यात सापडतात?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते. काहीही शोधायचं म्हणजे शब्द टाइप करायचा आणि एंटर मारायचा. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींचे जुने, अस्सल कागद शोधताना ही सवय फारशी कामाला येत नाही.

पहिली अडचण 'आदिवासी' हा शब्दच. तो रुळला विसाव्या शतकात. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत सापडतात 'ॲबोरिजिनल ट्राइब्ज', 'हिल ट्राइब्ज', नाहीतर नुसती जमातींची नावं, आणि तीही लिहिणाऱ्याच्या मर्जीच्या स्पेलिंगने! वारली कुठे 'व्ही'ने तर कुठे 'डब्ल्यू'ने. कातकरी कधी काथकरी, कधी काथोडी. ठाकर आणि ठाकूर हा तर वेगळाच घोळ.

दुसरी अडचण मोठी आहे. मुंबई सरकारचे जुने कागद पुराभिलेखागारात रेव्हेन्यू, ज्युडिशियल, पॉलिटिकल अशा खात्यांनुसार लावलेले आहेत. आदिवासी नावाचं खातं तेव्हा नव्हतं. त्यामुळे आता मी जमात शोधत नाही, सरकारचं तिच्याशी काय काम पडलं ते शोधतो. काम पडलं ते जंगलावरून, दारूवरून, जमिनीवरून आणि कर्जावरून.

जंगलापासून सुरू करू. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलं आखली जाऊ लागली. आपल्याकडे भाताचं किंवा नाचणीचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, तो राब. राबासाठी झाडं छाटणं वनखात्याला खुपू लागलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतका आरडाओरडा झाला की १८८५ साली सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. राब, सरपण, गुरचराई यांविषयी इतकी माहिती एका जागी क्वचितच मिळते. फक्त एक लक्षात ठेवायचं, की तक्रार मांडण्यात जमीनदार आणि शिकलेली मंडळी पुढे होती. जंगलात राहणारा माणूस त्यात बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून बोलतो.

मग आबकारी. मोहाची फुलं म्हणजे आदिवासींचं खाणं आणि दारूही. १८७८ चा आबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा झाला. झाडावरून गळलेलं फूल वेचणं सरकारदरबारी दखल घेण्याजोगी गोष्ट झाली. ज्याला ठाण्याच्या आदिवासींचं रोजचं जगणं शोधायचंय, त्याने दारूच्या फायली चाळाव्यात. ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

जव्हारसाठी आणखी एक वळण घ्यावं लागतं. ते १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्यामुळे त्याचा पत्रव्यवहार पॉलिटिकल खात्यात बघायचा.

छापील साधनं त्या मानाने सोपी. विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या जॉन विल्सन यांचा वारली आणि कातोडींवरचा लेख १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरं आहेत. प्रश्न मिशनऱ्याचे, म्हणजे देव कोणता, मेल्यावर माणूस कुठे जातो वगैरे. तरीही एवढ्या जुन्या काळातलं वारल्यांचं उत्तर कागदावर उरलं, हे काय कमी आहे? १८८२ चं ठाणे गॅझेटियर आणि जंगलपट्टीतली कर्जं व वेठ नोंदवणारा सिमिंग्टन यांचा १९३९ चा अहवाल ही आणखी दोन महत्त्वाची साधनं.

मराठी बाजूसाठी लांब जायला नको. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) अशा ठिकाणी आधी मागावं. आपण टिटवाळ्याला जातो ते गणपतीला. त्याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचं अधिवेशन भरलं, उंबरगाव भागातले काही वारली तिथे आले, आणि त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा पेटला. गोदावरीबाई त्या लढ्यात स्वतः होत्या. हीच घटना पोलिसांच्या कागदांत 'दंगल' म्हणून शोधावी लागते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय इतिहास कळत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पीएचडीवाल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं? तर ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना ते कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येतो, पण १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल आणि नकाशे चक्क नावानिशी आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने दिला होता, आणि दोन आठवड्यांत त्याला स्थगितीही दिली. कागद असणं-नसणं म्हणजे काय, ते तेव्हा लख्ख दिसलं. ज्या सरकारने माणसाला जंगलाबाहेर काढण्यासाठी नोंदी केल्या, त्याच नोंदी आज 'हा माणूस इथेच होता' हे सांगू शकतात.

त्याच यादीत वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही पुरावा धरला आहे. मला हे कलम फार आवडतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरची आजी जे सांगते ते आणि गॅझेटियरचं पान एकाच यादीत बसतात, आणि दावा तपासताना एकाहून जास्त पुरावे बघायचे असतात. म्हणजे दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

आपण काय करू शकतो? इंग्रजी वाचता येतं, नेट आहे, विकांत मोकळा असतो. गॅझेटियरच्या स्कॅन प्रती जालावर फुकट आहेत. मोडी शिकायला काही महिने पुरतात, आणि जुने गावपातळीचे कागद मोडीतच असतात. एकच गाव निवडा. त्याची जुनी स्पेलिंग, जुना तालुका, जंगलाची हद्द एका कागदावर काढा आणि तिथल्या ग्रामसभेला किंवा तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. ब्लॉगवर टाकलं नाहीत तरी चालेल. :)