गाण्याची पट्टी बदलायची, पण आवाज बिघडू द्यायचा नाही. हे कसं जमतं?

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगमध्ये एक मुलगी गावातल्या कार्यक्रमासाठी कराओके ट्रॅकवर गाणं बसवतेय. ट्रॅक पुरुष गायकाच्या काळी एक पट्टीतला आहे आणि तिचा गळा काळी चारचा. तसंच गायलं तर खालचे स्वर ऐकू येणार नाहीत, आणि एक सप्तक वर जाऊन गायलं तर घसा ताणला जाईल. साथीला पेटीवाला असता तर त्याने पट्टी बदलून दिली असती. ट्रॅक मात्र आहे त्याच पट्टीत वाजत राहतो.

मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर ही पट्टी बदलता येते. पण अनेकदा आवाज कार्टूनसारखा किंवा धातूच्या डब्यातून आल्यासारखा होतो. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, ते पाहूया.

वेग आणि पट्टी यांचा संबंध काय?

ध्वनी म्हणजे कंपनं. एका सेकंदात जितकी जास्त कंपनं, तितका स्वर उंच. रेकॉर्डिंग वेगाने वाजवलं की कंपनंही वाढतात आणि पट्टी वर जाते. वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढवला की पट्टी एका सेमीटोनने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या एका पट्टीने, चढते. पण ४ मिनिटांचं गाणं सुमारे ३ मिनिटं ४६ सेकंदांत संपतं. रील्सवरची ‘स्पीड अप’ आणि ‘स्लोड’ गाणी बहुतेक अशीच तयार होतात.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीतही हा गोंधळ होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नव्हत्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर गायक जवळजवळ एक सेमीटोन वर गातोय असं वाटतं.

वेग न बदलता पट्टी कशी बदलते?

सॉफ्टवेअर ध्वनीचे अगदी छोटे तुकडे करतं, त्यातली कंपनं मोजतं, ती वर किंवा खाली सरकवतं आणि तुकडे पुन्हा जोडतं. ‘फेज व्होकोडर’ ही यातली महत्त्वाची पद्धत अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या संशोधकांनी १९६६ मध्ये मांडली.

सांधे नीट जुळले नाहीत की आवाज घोगरा किंवा पाणचट होतो. तबला-ढोलकीची थाप पसरट होते, कारण थापेचा ठसका क्षणभराचाच असतो. माणसाच्या आवाजात आणखी एक अडचण येते. घसा आणि तोंडाच्या पोकळीमुळे प्रत्येक आवाजाला स्वतःचा रंग असतो, त्याला ‘फॉर्मंट’ म्हणतात. पट्टीबरोबर तोही सरकला की आवाज लहान मुलासारखा किंवा राक्षसासारखा वाटतो. म्हणून काही सॉफ्टवेअरमध्ये फॉर्मंट जागेवर ठेवण्याचा पर्याय असतो. ट्रॅकमध्ये गायकाचा आवाज असेल तर तो चालू ठेवा.

पट्टीचा हिशोब कसा करायचा?

ॲपमध्ये ‘काळी चार’ लिहिलेलं नसतं, +३ किंवा −२ असे सेमीटोन असतात. पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या क्रमाने मोजा. एक पट्टी म्हणजे एक सेमीटोन.

• काळी एकवरून पांढरी एक: −१
• काळी एकवरून काळी दोन: +२
• काळी दोनवरून पांढरी एक: −३
• काळी एकवरून काळी चार: वर मोजल्यास +७, खाली मोजल्यास −५

शेवटचं उदाहरण नीट पाहा. वर गेलं काय किंवा खाली, ट्रॅक काळी चारमध्येच येतो. मुलगी तिच्या सोयीच्या सप्तकात गाऊ शकते. मग +७ ऐवजी −५ निवडायचं, कारण जितकं कमी सरकवाल तितका आवाज कमी बिघडतो. एक-दोन सेमीटोनचा बदल सहसा कळत नाही. तीन-चारच्या पुढे तो जाणवू लागतो.

आवाज चांगला राहावा म्हणून काय करावं?

१. शक्य तितकी चांगली मूळ फाईल घ्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली फाईल टाळा.
२. बदल एकदाच करा. आधी +२, मग पुन्हा +१ असं करू नका. दर वेळी मूळ फाईलपासून सुरुवात करा.
३. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘चेंज पिच’मध्ये हाय क्वालिटी स्ट्रेचिंगचा पर्याय निवडा. वेळ जास्त लागतो, पण फरक ऐकू येतो.
४. फाईल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये सेव्ह करा. एमपीथ्री पुन्हा एमपीथ्रीत सेव्ह केली की दर्जा आणखी घसरतो.
५. वाद्यांचे ट्रॅक वेगळे मिळत असतील तर ढोल-ताशासारख्या तालवाद्यांना हात लावू नका, फक्त सुरांची वाद्यं सरकवा. तबला मात्र षड्जाला लावलेला असतो, तो सोडला तर बेसूर वाटू शकतो.

पट्टी बदलली की कॉपीराइट संपतो का?

नाही. पट्टी किंवा वेग बदलला तरी मूळ रेकॉर्डिंगवरचा हक्क कायम राहतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. घरी रियाजासाठी पट्टी बदलणं वेगळं आणि तेच गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकणं वेगळं.

थोडक्यात, दर्जा अजिबात न घसरता पट्टी बदलत नाही, पण घसरण कानाला कळणार नाही इतकी कमी ठेवता येते. त्यासाठी आधी गायकाची पट्टी पेटीवर नक्की करा आणि मग ट्रॅक त्या पट्टीत आणा. ट्रॅकसाठी गळा ताणण्यापेक्षा ते कधीही बरं.