किल्लारी ते दुबलगुंडी : ‘स्थिर’ दख्खन आणि भूकंपशास्त्राचा इतिहास

प्रस्तावना

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी हे गाव कन्नड, मराठी आणि उर्दू (दखनी) या तिन्ही भाषांच्या शेजारात वसलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ज्या किल्लारी परिसरात भूकंप झाला, तो परिसर येथून हवाई अंतराने सत्तरएक किलोमीटरवर आहे. मात्र किल्लारी महाराष्ट्रात आणि दुबलगुंडी कर्नाटकात. त्यामुळे एका भूकंपाचा इतिहास दोन राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत विभागला गेला. एका बाजूला तो ‘आपला’ म्हणून शिकवला जातो, तर दुसऱ्या बाजूला शेजारच्या राज्यातील घटना म्हणून त्याचा ओझरता उल्लेख होतो.

वस्तुतः १९५६ पूर्वी हा सारा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात मोडत, तर औसा तालुका उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. नकाशावरील या रेषा गेल्या सत्तर वर्षांतल्या आहेत. भूगर्भातील भेगा त्याहून कितीतरी जुन्या आहेत. प्रस्तुत लेखात भूकंपाच्या शास्त्रीय अभ्यासाची वाटचाल आणि दख्खनविषयीच्या एका गोड गैरसमजाचा इतिहास यांचा एकत्रित परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

इतिवृत्तांतील भूकंप

मराठीत ‘भूकंप’ वा ‘धरणीकंप’, उर्दूत ‘जलजला’. हा अरबी शब्द आहे आणि त्याच्या उच्चारातील ‘जल-जल’ ही पुनरुक्तीच हादऱ्याचे चित्र उभे करते. भूकंपाच्या नोंदी ठेवण्याची अरबी-फारसी इतिहासलेखनात दीर्घ परंपरा आहे. इब्न सीना यांनी ‘किताब अश्-शिफा’ या ग्रंथात जमिनीखाली कोंडलेली वाफ वा वायू हे भूकंपाचे कारण मानले होते. ॲरिस्टॉटलच्या विचाराशी जुळणारी ही उपपत्ती आज ग्राह्य नाही. परंतु भूकंपाला नैसर्गिक कारण असते आणि ते शोधता येते, ही भूमिका त्यात आहे. पंधराव्या शतकात कैरोचे विद्वान जलालुद्दीन सुयूती यांनी तर केवळ भूकंपांची कालानुक्रमे नोंद करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बाबराने आपल्या आत्मवृत्तात १५०५ सालच्या काबूलच्या भूकंपाचे वर्णन केले आहे.

विसाव्या शतकात निकोलस ॲम्ब्रेसिस यांच्यासारख्या संशोधकांनी अशा इतिवृत्तांमधून जुन्या भूकंपांची तीव्रता आणि व्याप्ती ठरवण्याची पद्धत विकसित केली. भाषेचा आणि इतिहासाचा अभ्यासक भूकंपशास्त्राला कोठे उपयोगी पडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मात्र पडलेली प्रत्येक भिंत भूकंपाची साक्ष देत नाही. बिदर येथील महमूद गवान यांच्या मदरशाचा (१४७२) दर्शनी भाग आणि एक मिनार आज नाही. परंतु ही पडझड सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या दारूच्या स्फोटाने झाली, असे इतिहास सांगतो. म्हणून अवशेष, लेखी पुरावा आणि भूगर्भीय पुरावा ही तिन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

लहरींची ओळख

भूकंपाची यंत्राद्वारे नोंद हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील टप्पा आहे. १८८० च्या सुमारास जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या जॉन मिल्न, जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे यांनी भूकंपलेखक यंत्र घडवले. १८८९ साली जपानमध्ये झालेल्या भूकंपाची नोंद जर्मनीतील यंत्रावर आढळली आणि भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून हजारो किलोमीटर प्रवास करतात हे सिद्ध झाले.

या शास्त्राच्या उभारणीत भारतातील कामाचा वाटा मोठा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाचा सविस्तर अभ्यास केला. त्यातून प्राथमिक लहरी, दुय्यम लहरी आणि पृष्ठीय लहरी अशा तीन वेगळ्या लहरी यंत्रावर ओळखता येतात, हे त्यांनी दाखवले. १९०६ साली लहरींच्या याच प्रवासावरून त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. १८९८ मध्ये कलकत्त्याच्या अलीपूर येथे मिल्नचे यंत्र बसले आणि त्यापाठोपाठ मुंबईचे कुलाबा व दक्षिणेतील कोडाईकनाल येथेही. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापन केलेली आणि पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे आलेली निजामिया वेधशाळा ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी प्रसिद्ध आहे. तेथेही भूकंपलेखक यंत्र कार्यरत होते.

लहरींचा हा हिशेब वर्गात सहज मांडता येतो. कठीण खडकात प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर, तर दुय्यम लहर सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने जाते. सत्तर किलोमीटर अंतर धरले तर पहिली लहर सुमारे बारा सेकंदांत आणि दुसरी सुमारे वीस सेकंदांत पोहोचेल. म्हणजे आधी भांड्यांचा किंचित खडखडाट होतो आणि आठेक सेकंदांनी जमीन आडवी हलवणारा जोराचा हादरा बसतो. दोन लहरींमधील या अंतरावरूनच यंत्र भूकंपाचे केंद्र किती दूर आहे ते ठरवते. तीन ठिकाणच्या नोंदी मिळाल्या की केंद्राची जागा निश्चित होते.

‘शून्य’ विभागाचा अंत

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे बनलेले आहे. त्याखाली याहून फार प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडक आहेत. एवढा जुना, टणक प्रदेश हलणार नाही, असा समज दीर्घकाळ होता. भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपरोधक बांधकामाची पहिली संहिता प्रसिद्ध केली. तिच्या नकाशात द्वीपकल्पाचा मोठा भाग ‘शून्य’ विभागात होता. शून्य विभाग याचा अर्थ, येथे भूकंपाची चिंता नको.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोयना धरणात पाणी साठू लागल्यानंतर त्या भागात धक्के वाढले होते. त्यामुळे जलाशयाच्या भाराने आणि झिरपणाऱ्या पाण्याने भूकंपाला चालना मिळते का, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला. आज कोयना हे अशा भूकंपांचे प्रमुख उदाहरण मानले जाते. १९७० च्या नव्या नकाशात ‘शून्य’ विभाग रद्द झाला. भारतात कोणतीही जागा संपूर्ण निर्धोक नाही, याची ही पहिली कबुली होती.

किल्लारी परिसर मात्र सर्वांत कमी धोक्याच्या ‘पहिल्या’ विभागातच राहिला. १९९२ च्या उत्तरार्धात तेथे लहान धक्क्यांची मालिका जाणवली. लोक घाबरले, नोंदीही झाल्या. पण अशा बहुसंख्य मालिका मोठ्या भूकंपाविना विरून जातात. येणारा धक्का पूर्वसूचक आहे की नाही हे आधी सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

किल्लारी : मध्यम भूकंप, प्रचंड हानी

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. ६.२ तीव्रतेचा हा भूकंप जागतिक परिमाणाने मध्यम. परंतु त्याचे केंद्र अत्यंत उथळ होते. मृतांचा अधिकृत आकडा सुमारे आठ हजारांचा, तर अन्य नोंदींत तो दहा हजारांच्या जवळ जातो. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, एकोंडी, पेठसांगवी ही नावे त्या दिवसापासून महाराष्ट्राच्या स्मरणात कोरली गेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन प्रकल्प राबवला गेला आणि ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली.

तुलनेसाठी २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप घेता येईल. त्याची तीव्रता ७.७ होती. तीव्रतेची एक पायरी वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. या हिशेबाने भूजची ऊर्जा किल्लारीच्या दीडशे पटींहून अधिक ठरते. तेथे साडेतेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. ऊर्जेतील फरक एवढा प्रचंड असूनही मृतांच्या संख्येतील फरक तेवढा नाही. याचे उत्तर केवळ भूगर्भात नाही. ते बरेचसे घराच्या भिंतीत आहे.

मराठवाडा आणि बिदरच्या खेड्यांतील जुने घर म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू स्वतंत्र रचलेली असते आणि मधली पोकळी दगडगोट्यांनी व मातीने भरलेली असते. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच असतो. आडव्या हादऱ्याने अशा भिंतीच्या दोन्ही बाजू सुटतात आणि छत खाली येते. उन्हाळ्यात गारवा देणारे माळवद त्या पहाटे झोपलेल्यांवर कोसळले. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि दगडी भिंती मात्र ढासळल्या. त्याच परिसरातील ही निरीक्षणे पुढील बांधकामासाठी मोलाची ठरली.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. तेथे काळ्या दगडाची जाडी सुमारे ३३८ मीटर असून त्याखाली प्राचीन खडक असल्याचे दिसले. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकून आशियाच्या भूखंडाला रेटतो. त्या दाबाचा काही अंश द्वीपकल्पातही साठतो आणि जुन्या, झाकलेल्या भेगांवर मोकळा होतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध आहे का, याविषयी मात्र मतभेद आहेत. तेर येथील प्राचीन थरांत दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असल्याचे मतही काही भूवैज्ञानिकांनी मांडले आहे. ते खरे असेल, तर किल्लारीचा भूकंप या प्रदेशात ‘पहिला’ नव्हता. तो फक्त लोकांच्या आठवणीतला पहिला होता.

२००२ च्या संहितेत ‘पहिला’ विभागही रद्द होऊन दुसऱ्यात विलीन झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. कोयनेने ‘शून्य’ पुसले, किल्लारीने ‘एक’ पुसला. नकाशा दोन्ही वेळा दुर्घटनेनंतर सुधारला, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

सीमेवरील नोंद

ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर परिसरात लागोपाठ धक्के बसले. ११ ऑक्टोबरच्या रात्रीचा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या, काहींनी गाव सोडले. २०२४ साली मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. या धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणे अशास्त्रीय ठरेल. पण ‘आपल्याकडे काही होत नाही’ असे म्हणणेही तितकेच अशास्त्रीय आहे.

अशा रात्री गावात दोनच गोष्टी वेगाने पसरतात, भीती आणि अफवा. ‘आज इतक्या वाजता मोठा धक्का येणार’ ही अफवा मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत सारख्याच गतीने फिरते. तिला उत्तरही तिन्ही भाषांतून द्यावे लागते. भूकंपाची वेळ सांगता येत नाही, मात्र कोणती भिंत पडेल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते, हे वाक्य समजावण्याचे काम शिक्षकाइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

समारोप

भूकंपशास्त्राच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नोंद नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे. दख्खनच्या भूकंपांची लेखी साधने विरळ आहेत, म्हणून जुने दस्तऐवज, शिलालेख, मशिदी-मंदिरांच्या दुरुस्तीच्या नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी जपून तपासल्या पाहिजेत. मोडी, फारसी आणि कन्नड जाणणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांना येथे मोठे क्षेत्र खुले आहे. दुसरी, विभागाचा क्रमांक हा तत्कालीन ज्ञानाचा आकडा आहे, अभयदान नव्हे. तिसरी, जीवितहानी ठरवण्यात भूकंपाच्या तीव्रतेइतकाच वाटा घराच्या बांधणीचा असतो. भिंतीत आरपार दगड घालणे, खिडकी-दारांच्या वर सलग पट्टा बांधणे, छताचा भार हलका करणे हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातले आहेत.

किल्लारीच्या वेळी जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत आणि स्वतःची घरे बांधत आहेत. दुबलगुंडीसारख्या सीमेवरील गावात बांधल्या जाणाऱ्या घरात आणि शाळेच्या नव्या खोलीत १९९३ चा धडा उतरला आहे की नाही, यावरच या इतिहासाच्या अध्यापनाचे मूल्य ठरणार आहे.